दोन किल्ल्यांचं कपाट

या कपाटाला दोन किल्ल्या लागतात.
एक माझ्या गळ्यात, एक डॉक्टर झुवैनांच्या खिशात.
कुपी काढली की वही : तारीख, वेळ, मिलिग्रॅम.
उरलेलं ओतून टाकलं, त्याला साक्षीदार, त्याची सही.
सोहारच्या बाजारात सोन्याचासुद्धा असा हिशेब कोणी ठेवत नसेल
जसा मी केटामिनचा ठेवते.

आठ वर्षं हे औषध मला एकाच कामापुरतं ठाऊक.
सरकलेलं हाड बसवायचं, भाजलेली कातडी काढायची,
तेवढा वेळ माणूस बाजूला ठेवायचा.
बाजूला म्हणजे कुठे, ते मी कधी विचारलं नाही.
आता त्या 'कुठे'साठीच देतो आम्ही,
थेंबाथेंबाने, चाळीस मिनिटं.

वासुदेव खवणेकर, वजन बासष्ट, बंदरावरचा क्रेनवाला.
फाइलीत गोळ्यांची नावं, एकाखाली एक, सगळी खोडलेली.
फाइलीत नाही ती एप्रिलची दुपार.
पट्टा तुटला तेव्हा खाली मुनव्वर होता, सिल्हेटचा, चोवीस वर्षांचा,
हात वर करून 'येऊ दे, येऊ दे' खुणावणारा.
चौकशीत वासुदेव निर्दोष ठरला
आणि त्याच रात्रीपासून त्याची झोप गेली.

करक चहा पिताना डॉक्टर म्हणाल्या होत्या,
काही देशांत आता अळंब्यांवरही प्रयोग चाललेत,
दुःखाची गाठ सैल होते का, बघताहेत.
मला हसू आलं.
दापोलीत शेणावर उगवलेल्या छत्र्या
आम्ही शाळेत जाताना लाथेने उडवायचो.
इथे बॅगेत एक सुकलेली सापडली तर
पासपोर्ट, नोकरी, माणूस, सगळं आत.
मागच्या रमजानात पोलिसांनी एका पोराला आणलं,
काय गिळलं होतं त्यालाच माहीत नव्हतं.
भिंतीला पाठ लावून रात्रभर ओरडत होता.
त्यालाही काहीतरी दिसत होतंच.
त्याच्याजवळ कोणी बसलं नाही.
मीही नाही. मला ड्यूटी होती.

म्हणून आज खुर्ची ओढून बसले.
एकतीस मिलिग्रॅम. पंप सुरू.
डोळ्यांवर विमानात देतात तसली पट्टी.
नियम असा, की मागितल्याशिवाय हात धरायचा नाही.
अकराव्या मिनिटाला त्याने मागितला.

"सुगराबाय, केबिनीत मी नाय हा.
मगे क्रेन कोण चालवता?"
मी म्हटलं, आज सुट्टी आहे क्रेनला.
मग बराच वेळ फक्त एसी,
आणि त्याची बोटं माझ्या बोटांत, ओली.
मग अगदी हलक्या आवाजात, माझ्याशी नव्हे :
"खाली कर रे हात.
इतके म्हयने वर धरलंस,
दुखले आसतले."

बीपी लिहायचं राहिलं माझं. पाच मिनिटं उशिराने लिहिलं.

नंतर तो ओकला. मग पेज मागितली,
कँटीनमध्ये डाळ मिळाली, तीच प्याला.
त्या रात्री चार तास झोपला.
बाराव्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड.
डॉक्टरांनी जादू कबूल केली नव्हती,
फक्त म्हणाल्या, पुन्हा देऊ.
तीनदा दिलं. चौथ्याच्या आधी कंपनीचं पत्र आलं :
विमा संपला, तिकीट मंगळवारचं, एकच बाजूचं.

गावच्या डॉक्टरसाठी मात्रा मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली.
तिकडे दोन किल्ल्यांचं कपाट आहे का,
आणि असलं तर खुर्ची आहे का, कोण जाणे.

निघताना तो चौथ्या मजल्याच्या खिडकीशी थांबला.
तिथून बंदर दिसतं, उन्हात पांढरं पडलेलं.
इतके दिवस त्याने तिकडे पाहिलं नव्हतं.
"तो पिवळो आता कोण चालवता?"
मला काय ठाऊक.
"जो कोण आसात तेका सांगा,
दुपारी वारो फिरता. बघून चालव म्हणा."